बिनगाईडाची वाट

मराठी प्रवासवर्णन संपले आणि ते इंटरनेटने संपवले, हे विधान आता मराठी विभागांच्या चर्चासत्रांत आभारप्रदर्शनाइतके नियमित झाले आहे. युक्तिवाद असा की, जे स्थळ कोणालाही मोबाइलच्या पडद्यावर बघता येते, त्याचे वर्णन वाचायचे कशाला? मला हे निदान मान्य नाही. पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच सांगणारे लेखन पडदा येण्यापूर्वीपासून आजारी होते. मराठी प्रवासवर्णन पायांवरून उतरले आणि सहलकंपनीच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले, तेव्हाच त्याची प्रकृती बिघडली. इंटरनेट फक्त तेराव्याला आले.

हे स्पष्ट करण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आरन नावाचे बेट आहे. किनाऱ्याने त्याला पूर्ण वळसा घालणारी सुमारे १०५ किलोमीटरची पायवाट आहे. ब्रॉडिक या बंदराच्या गावी ती सुरू होते आणि साधारण आठवड्याभराने तिथेच येऊन मिळते. या वाटेवरच्या सुट्ट्या विकल्या जातात आणि त्यांचा एक प्रकार मार्गदर्शकाविना चालण्याचा आहे. विकणारी कंपनी मुक्कामाच्या खोल्या राखून ठेवते, सामान गाडीने पुढच्या गावी पोहोचवते, हातात नकाशा व वाटेचे टिपण देते आणि बाजूला होते. सोबत कोणी येत नाही. ‘उजव्या बाजूला पाहा’ असे कोणी सांगत नाही. कुठे थांबायचे, ओहोटीची वाट बघायची की वरच्या अंगाने जायचे, पाऊस आला तर काय करायचे, हे सारे चालणाऱ्याने ठरवायचे.

यावर आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: हे साहेबाचे चोचले. पैसे देऊन पाय दुखवून घ्यायचे! खरेदी-विक्रीचा भाग सोडला, तर या ‘चोचल्या’त मराठीला अपरिचित असे काय आहे, हे मला समजत नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला, आणि पायी चालत १८५७ च्या वणव्यात जाऊन पोहोचले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो, कारण त्या भटजींना पुढच्या मुक्कामी काय वाढून ठेवले आहे हे माहीत नव्हते, आणि ते न कळणे त्यांच्या वाक्यांत उतरले आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, इरावती कर्व्यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख, दि. बा. मोकाशींची ‘पालखी’ ही सारी चालणाऱ्यांची पुस्तके आणि लेखने आहेत. पुढे गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. लं. चे ‘अपूर्वाई’ (१९६०) आले. ते दोघे वाहनाने फिरले तरी त्यांच्याजवळ स्वतःची नजर होती. त्यांच्यामागून जी रांग लागली तिच्याजवळ सहलीचा छापील कार्यक्रम होता, एवढाच फरक. सकाळी न्याहारी, दुपारी धबधबा, संध्याकाळी भारतीय जेवण. प्रकरणांचा क्रम हाच, आणि विशेषणे सगळ्यांची सारखी.

आपल्याकडे ‘गाईड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गाईड वेरूळला भेटतो, दुसरे परीक्षेच्या पंधरा दिवस आधी पुस्तकांच्या दुकानात मिळते. दोहोंचे काम एकच: तुम्ही आणि वस्तू यांच्यामध्ये उभे राहून ‘महत्त्वाचे’ तेवढे पुढे करणे. पर्यटक सांगितलेल्या कोनातून फोटो काढतो, विद्यार्थी सांगितलेली पाच वैशिष्ट्ये लिहितो, आणि दोघेही वस्तूला न भेटता घरी जातात. आणि आम्ही प्राध्यापक ज्यांना ‘नोट्स’ म्हणतो, त्या या दुसऱ्या गाईडाच्याच हस्तलिखित आवृत्त्या असतात, हेही सांगून टाकलेले बरे. प्रवासवर्णनाच्या पेपरात ‘या वाङ्मयप्रकाराचे घटक लिहा’ असा प्रश्न वर्षानुवर्षे विचारणाऱ्या व्यवस्थेने प्रवासवर्णनाच्या मृत्यूबद्दल गळा काढावा, यात एक विनोद आहे.

आरनची वाट आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल. बाणकोट ते दाभोळ हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा किनारा काढून बघावा. मी हे उंद्रीत बसून लिहितो आहे. इथून समुद्र रात्रभराच्या एसटीइतका दूर, आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेला नाही. म्हणून जरा तपशिलात सांगतो.

बागमांडल्याहून सावित्रीची खाडी तरीने ओलांडून वेश्वीला उतरायचे, आणि बाणकोटहून दक्षिणेला वळायचे. वेळास हे नाना फडणविसांचे गाव, हल्ली समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध. मग केळशी. इथली वाळूची प्रचंड टेकडी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी खणून पाहिली आणि सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी तिचा संबंध जोडला. पुढे आंजर्ले, हर्णै, मुरुड. त्याखाली कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे आणि दाभोळ. चार-पाच दिवसांची मजल. मुरुड हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. याच गावातून शाळकरी वयात ते परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत भर पावसात सुमारे ११० मैल चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. किनाऱ्यापासून आत पालगड आहे. दापोलीला शिकणारा साने गुरुजींचा श्याम तिथे पायी घरी जायचा. मराठीच्या विद्यार्थ्याला एवढ्या पट्ट्यात अर्धे कपाट चालत जाऊन गाठता येते.

आणि इथे नकाशापेक्षा पंचांग उपयोगी पडते, हे मला फार आवडते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, असा किनाऱ्यावरचा हिशेब आहे. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास भरती; म्हणजे बारा वाजता ओहोटी, आणि खडकाखालून जायला दुपार मोकळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी वाडीच्या बांधापर्यंत चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची, ती बेताची. हे गणित कोळ्याला तोंडपाठ असते. (कोळ्यावरून आठवले. हरलेल्या रॉबर्ट ब्रूसला जाळे विणणाऱ्या कोळ्याने धीर दिला ती गुहा आपल्याकडेच, असे सांगणाऱ्या जागा अनेक आहेत. आरनच्या पश्चिम किनाऱ्यावरची ‘राजाची गुहा’ त्यांपैकी एक. आमच्या पिढीला स्कॉटलंड माहीत झाला तो त्या कोळ्यामुळे. मराठीत हा शब्द आठ पायांच्या प्राण्यालाही चालतो आणि होडीवाल्यालाही, आणि दोघांपासूनही शिकण्यासारखे आहे.)

बसमधून कोकण ‘निसर्गरम्य’ दिसते. चालणाऱ्याला तेच गाव कुलपांनी मोजावे लागते. घरामागून घर बंद, अंगणात पाचोळा, तुळस वाळलेली. माणसे मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारे दार. सुपारीच्या वाडीत शिरल्यावर दिसते की झाडे कमरेएवढी आहेत, आणि का, हे विचारले की ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपोआप पुढे येते. एका सकाळी जमीनदोस्त झालेली वाडी पुन्हा उत्पन्नाला यायला किती वर्षे लागतात हे वाडीवाला बोटांवर मोजून सांगतो. हे ऐकायला त्याच्या गतीने त्याच्या बांधापाशी उभे राहावे लागते. आरनवरही हेच आहे. त्या वाटेच्या ईशान्येकडच्या भागात सॅनॉक्स लागते. १८२९ साली तिथल्या खोऱ्यातली कुटुंबे जमीनदाराने मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठवली आणि ती जहाजाने कॅनडाला गेली. आज जे रम्य एकांत म्हणून विकले जाते, तो एकांत असा तयार केलेला आहे. ज्या १८२९ साली ही कुटुंबे बेट सोडत होती, त्याच वर्षी जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी हर्णै-बाणकोटच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर, चौपाटीसमोर, उभे आहे. कुलूपबंद घर आणि उठवलेले गाव एक नव्हे, हे मला कळते. खोताचा जाच आणि गिरणीची ओढ यांची गुंतागुंत वेगळी आहे. पण प्रश्न पडायला तरी त्या घरासमोरून पायी जायला हवे.

आता खरा आक्षेप. तो चोचल्यांचा नव्हे, त्याहून गंभीर आहे. ज्या देशात माणसे नाइलाजाने चालतात, तिथे हौसेने चालण्याचे गोडवे गाणे असभ्यपणाचे नाही का? ८ मे २०२० रोजी पहाटे आमच्या शेजारच्या जालन्याहून भुसावळच्या दिशेने निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. रेल्वे बंद आहे असे समजून ते रुळांवर टेकले होते. त्या मजुरांना मार्गदर्शक नव्हता, नकाशा नव्हता, सामान पुढे नेणारी गाडी नव्हती. या दृश्यानंतर पायी सुट्टीबद्दल बोलताना जीभ अडखळली पाहिजे, हे मान्य.

परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ते मजूर रुळांवरून का चालत होते? रस्त्यावर पोलीस अडवत होते, आणि रूळ ही त्यांना घराकडे नेणारी एकमेव खात्रीची रेघ होती. जिथे चालणाऱ्याच्या हक्काची वाट नाही, तिथे गरजू माणूस यंत्राच्या वाटेवर जातो. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने घराचे आवार आणि उभे पीक यांसारख्या जागा वगळता जमिनीवरून व पाण्यावरून जबाबदारीने जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. हौशी माणूस आणि अडलेला माणूस असा भेद त्यात नाही. आपल्याकडे किनारा कागदावर सर्वांचा आहे. प्रत्यक्षात रिसॉर्टची भिंत भरतीच्या रेषेपर्यंत येते, आणि गावकऱ्याची पूर्वापार पाखाडी एका सकाळी फाटकाआड जाते.

कागदावरचा हक्क आणि पायांखालचा हक्क यांतले अंतर आपल्याला कोणी परदेशातून शिकवायची गरज नाही. ज्या सावित्रीची खाडी बागमांडल्याला ओलांडायची, तिच्याच वरच्या अंगाला महाड आहे. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तो मान्य केला १९२४ साली. आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना चालत चवदार तळ्यावर जावे लागले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यांनी पाणी प्यायले हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. सभामंडपापासून तळ्यापर्यंत ते रांगेने चालले, हे मात्र एका वाक्यात उरकतो. तो रस्ता चालणे हीच तर कृती होती.

आपल्या संस्कृतीत चालायला कारण लागते. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परतताना लोणार, मेहकर, खामगाव करत येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक चहा-पाणी घेऊन उभे असतात. तोच माणूस आषाढाखेरीज, गळ्यात माळ नसताना एकटा चाललेला दिसला, तर पहिला प्रश्न ‘कोणाकडे?’ आणि दुसरा ‘गाडी बिघडली का?’. बाई असेल तर प्रश्नही विचारत नाहीत, नजरा विचारतात. दिंडीत इरावतीबाई शेकडो बायकांसोबत होत्या. त्याच बाईने एकटीने केळशीहून आंजर्ल्याला जायचे म्हटले, तर वाटेत पाणी, शौचालय, संध्याकाळी सहाला मिळणारी खोली आणि निर्धास्त झोप यांची सोय लागते. हातात नकाशा देऊन बाजूला होणारी ती कंपनी नेमके हेच पुरवते. ही सोय आपल्याकडे गावातल्या बचतगटाने का देऊ नये? घरगुती खाणावळी आहेत, खोल्या आहेत, तरी आहेत. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी फोन जाण्याची तेवढी सवय नाही.

शैक्षणिक धोरणानंतरच्या नव्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. मराठी विभागांत त्याचे रूपांतर ‘ग्रंथालयास भेट’ किंवा ‘साहित्यिकाची मुलाखत’ अशा टाचण लावलेल्या अहवालांत झालेले दिसते. माझी मागणी साधी आहे: प्रवासवर्णनाच्या पेपरातले निम्मे गुण चालण्याला द्या. मुलांना दोन दिवस एखाद्या वाटेने गाईडविना सोडा, सोबत वही द्या, आणि ‘निसर्गरम्य’, ‘विलोभनीय’, ‘डोळ्यांचे पारणे’ हे शब्द लिहिल्यास गुण कापा. त्यासाठी लगेच कोकणात जायला नको. बुलढाणा जिल्ह्याला किनारा एकच, लोणारचा. विवराचा व्यास सुमारे पावणेदोन-अठराशे मीटरांच्या घरात, म्हणजे वरच्या काठाचा फेरा साडेपाच-सहा किलोमीटरांचा. सहलीच्या बसेस दृश्यबिंदूपाशी थांबतात, सगळे वाकून हिरवे पाणी बघतात, ते जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते हे गाईडकडून ऐकतात आणि वीस मिनिटांत परत फिरतात. काठाने पूर्ण फेरा घेणारा विद्यार्थी मला अजून एका हाताच्या बोटांपलीकडे मोजता आलेला नाही. उंद्रीहून लोणार एका दिवसात जाऊन येता येते. पुढच्या सत्रात आमच्या वर्गाची पहिली वही तिथून यावी, असा माझा प्रयत्न आहे. कोणाला सोबत यायचे असेल तर यावे, फक्त माहिती सांगत चालू नये.