जीर्णोद्धार नको, दुरुस्ती करा

तुम्ही ते रील नक्की पाहिलं असेल. अडगळीतून काढलेली, धुळीनं माखलेली एक जुनी इलेक्ट्रिक गिटार. पहिल्याच सेकंदाला तारा कटाकट तोडल्या जातात. मग स्क्रू निघतात, मग सँडर फिरतो, जुना रंग भुकटी होऊन उडतो. नवा रंग, त्यावर लॅकर, त्यावर पॉलिश. शेवटच्या तीन सेकंदांत गिटार आरशासारखी चमकते आणि खाली लोक बदामांचा पाऊस पाडतात.

त्या रीलमध्ये एक गोष्ट सहसा नसतेच. ती गिटार कुणी वाजवून दाखवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या स्वस्त गिटारींवर 'रिस्टोरेशन'च्या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं म्हणजे लाज झाकण्याची धडपड असते. वस्तू स्वस्त होती आणि स्वस्त दिसते, याची लाज. हे मी काठावर उभा राहून बोलत नाहीये. एक गिटार मी स्वतः अशी मारली आहे.

परीक्षेचं पॅड आणि लिपस्टिकची नळी

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथून गाडीनं तासाभराच्या आत, समुद्राच्या बाजूला, नेपच्यून नावाचं गाव आहे. १९६०च्या दशकात तिथं डॅनइलेक्ट्रोचा कारखाना होता. नेथन डॅनियल या माणसानं १९४७मध्ये ही कंपनी काढली. तिच्या बऱ्याच गिटारी सिअर्स ही अवाढव्य कंपनी 'सिल्व्हरटोन' या नावानं स्वतःच्या कॅटलॉगमधून विकायची. घरबसल्या कॅटलॉग चाळायचा, ऑर्डर पाठवायची, खोकं दारात.

१९६२च्या सुमाराला या कॅटलॉगमध्ये १४४८ क्रमांकाचं मॉडेल आलं. त्याची गंमत अशी की गिटारच्या पेटीतच अँप्लिफायर आणि स्पीकर बसवलेला होता. गिटार बाहेर काढा, वायर पेटीत खुपसा, वाजवायला लागा. सगळं मिळून ७० डॉलरच्या आत. तुलनेसाठी सांगतो, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४मध्ये आली तेव्हाच ती २५० डॉलरच्या घरात होती, आणि अँप्लिफायर वेगळा घ्यावा लागे.

हे इतक्या कमी पैशांत कसं जमलं? तुम्ही दहावीच्या परीक्षेला जे तपकिरी, चिमटा लावलेलं पॅड घेऊन गेलात ना, ते ज्या जातीच्या हार्डबोर्डचं असतं, त्याच जातीच्या मॅसोनाइटनं या गिटारचं पोट आणि पाठ बनलेली आहे. आत लाकडाची साधी चौकट. कडेनं कापलेल्या बोर्डाची धार दिसू नये म्हणून रेक्झिनसारखी पट्टी चिकटवलेली. तारा जिथून मानेवर उतरतात तो नट अ‍ॅल्युमिनियमचा. मान वाकू नये म्हणून आत पोलादाच्या दोन पट्ट्या. महागड्या गिटारीत असते तशी, किल्लीनं पिळून मान सरळ करायची सळई नाही. आणि तारांचा आवाज पकडणारा पिकअप? एका चुंबकाच्या पट्टीवर थेट तांब्याची तार गुंडाळली आणि ती लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवली. खरोखरच्या लिपस्टिकच्या.

हे वाचून हसू येतं. मलाही आलं होतं. पण त्या पिकअपचा आवाज दुसऱ्या कशासारखा नाही. उघडा, टणत्कार असलेला, थोडा काचेचा. जिमी पेजला जगातली कुठलीही गिटार परवडत होती, तरी 'कश्मीर' हे गाणं मंचावर वाजवताना तो डॅनइलेक्ट्रो गळ्यात घालायचा. स्टीव्ही रे व्हॉनच्या एका गिटारमध्ये हेच लिपस्टिकवाले पिकअप होते. नेथन डॅनियलनं काटकसर केली, पण विचार करून केली. कुठं पैसे वाचवायचे आणि कुठं नाही, हे त्याला कळत होतं.

आणि कॅटलॉगची गिटार ही नुसती 'गरिबांची गिटार' नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या काळात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गोऱ्या दुकानदाराच्या काउंटरवर अपमान गिळावा लागे, त्या काळात टपालानं मागवलेल्या वस्तूची किंमत सगळ्यांना सारखी असे आणि खरेदीसाठी कुणासमोर उभं राहावं लागत नसे. स्वस्त वस्तूला असाही एक इतिहास असतो. सँडर फिरवताना तो कुणाच्या लक्षात येत नाही.

मी काय केलं

सात-आठ वर्षांपूर्वी एका गराज सेलमध्ये मला १४४८ मिळाली. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. गिटार त्यांच्या धाकट्या भावाची. शाळेत असताना घरोघर पेपर टाकून साठवलेल्या पैशांतून त्यानं ती मागवली होती. तो आदल्या हिवाळ्यात गेला. काळ्या रंगात चमकीचे बारीक कण असलेली ती गिटार, आणि उजवा हात जिथं टेकतो तिथं चमकी पार झिजून गेलेली. बाई म्हणाल्या, नीट झाली की फोटो पाठव.

मी नीट केली. म्हणजे रीलमध्ये करतात तसं सगळं केलं. सँडर फिरवला. मॅसोनाइटचा वरचा टणक थर एकदा गेला की खाली नुसता लगदा असतो, हे मला माहीत नव्हतं. त्यावर पाण्याचा प्राइमर लावला, तो कणकेसारखा फुगला. मग पुट्टी, मग पुन्हा सँडर. शेवटी आकाशी रंग. पिकअप 'साधा' वाटला म्हणून नवा, जाडजूड हंबकर बसवला. तो मावेना म्हणून भोक कापून मोठं केलं. जुना पिकअप ऑनलाइन विकला. त्या पैशांत रंगाचा खर्च निघाला, आणि आपण किती हुशार, असं मला वाटलं.

बाईंना फोटो पाठवला. उत्तर दोन दिवसांनी आलं. एकच ओळ: ही तीच गिटार आहे का?

त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच ओळखू आली नव्हती. मी 'हो' लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला कळत होतं.

जीर्णोद्धाराचा रोग

आपल्याकडे हे नवीन नाही. गावातलं शेकडो वर्षांचं काळ्या दगडाचं मंदिर घ्यायचं, त्याच्या खांबांवर ऑइलपेंटचे हात मारायचे, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावायच्या आणि दारात जीर्णोद्धाराची पाटी ठोकायची. करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते. पण जे केलं ते पुन्हा उलटं करता येत नाही. जुन्या गिटारीचं हेच होतं, फक्त पाटीच्या जागी रील असतं.

उलट मिरजेकडे बघा. तंबोऱ्याचा आवाज बसला की लोक तो जवारी काढायला नेतात. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानानं ऐकत, केसभर घासतो. तंबोरा पुन्हा बोलायला लागतो. भोपळ्यावर जुना ओरखडा आहे म्हणून भोपळा बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दुरुस्तीची ही पद्धत आपल्या हाडामांसात आहे. इलेक्ट्रिक गिटार हातात आली की आपण ती विसरतो, कारण ही वस्तू आपण आधी स्क्रीनवर पाहिलेली असते आणि नंतर ऐकलेली.

दुसरा रोग सुट्या भागांचा. राय कूडरनं आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये टेस्को या स्वस्त जपानी गिटारचा 'गोल्ड फॉइल' पिकअप बसवला. आवाज अफलातून होता. परिणाम काय झाला? ज्या गिटारींकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्या विकत घेऊन, पिकअप उपटून, उरलेलं धूड फेकण्याचा धंदा सुरू झाला. म्हणजे स्वस्त गिटारचा आवाज हवा, पण स्वस्त गिटार नको. मीही माझा पिकअप विकून याच धंद्याला हातभार लावला.

आणि यातला सगळ्यात मोठा विनोद ऐका. १९९५पासून फेंडरचा कस्टम शॉप 'रेलिक' गिटारी विकतो. कोऱ्या करकरीत गिटारीचा रंग मुद्दाम खरवडतात, धातूवर गंज चढवतात, हात टेकतो तिथली झीज तयार करून देतात. लोक त्यासाठी हजारो डॉलर मोजतात. महागड्या गिटारीवरची खोटी झीज म्हणजे रुबाब, आणि पेपर टाकणाऱ्या पोरानं वर्षानुवर्षं हात टेकून केलेली खरी झीज म्हणजे घाण? हा सौंदर्याचा प्रश्न नाहीच. वस्तू कुणाची आणि किती रुपयांची, यावर आपण ठरवतो की तिचा भूतकाळ जपायचा की घासून काढायचा.

मग हातच लावायचा नाही?

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांच्यासाठी मूळ स्क्रूसुद्धा पवित्र. गिटार काचेच्या कपाटात, तारा गंजलेल्या, आणि 'ओरिजिनल कंडिशन' म्हणून अभिमान. हेही मला मान्य नाही. वाजत नसलेली गिटार म्हणजे पाट-खुंट्या लावलेलं फर्निचर. आणि काही मूळ भाग तर धोक्याचे असतात. त्या काळातल्या अनेक अँप्लिफायरना दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं. आतले कपॅसिटर साठ वर्षांत मेलेले असतात. एखादा भाग बिघडला तर विजेचा झटका तारांमधून थेट वाजवणाऱ्याच्या हातात येऊ शकतो. तिथं कपॅसिटर बदला, तीन पिनांची वायर लावा, आणि हे काम जाणकाराकडून करून घ्या. प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज साठून राहू शकतं. मूळपणासाठी कुणी मरायची गरज नाही.

'गिटार माझी, पैसे माझे, मी वाट्टेल ते करीन,' हा मुद्दाही ऐकला आहे. करा की. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण मग त्याला रिस्टोरेशन म्हणू नका. आणि जर तुम्हाला तारा सहज दाबता येणारी, वरच्या पट्टीपर्यंत अचूक सुरात राहणारी गिटार हवी असेल, तर नवी घ्या. आजच्या स्वस्त नव्या गिटारी या बाबतीत १४४८पेक्षा सरस आहेत, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. तिला आजच्या गिटारीसारखी करायच्या नादात दोन्ही हातचं जातं.

माझी कसोटी एकच: जे करतोय ते उद्या कुणाला उलटं करता येईल का? तारा बदलणं, येईल. व्हॉल्यूमचं बटण खरखरतं म्हणून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारणं, त्यात काही बिघडतच नाही. मान थोडी मागे झुकवायला सांध्यात जाड कागदाची चकती घालणं, येईल. सुटलेली कडेची पट्टी पुन्हा चिकटवणं, येईल. फ्रेट घासून समपातळीत आणणं उलटं करता येत नाही, पण त्याशिवाय ती वाजणारच नसेल तर करा, गरजेपुरतंच. रंग खरवडणं? भोक कापणं? हात आवरा.

दुसरी १४४८

तीन वर्षांपूर्वी मला दुसरी १४४८ मिळाली. तिच्यावर मी रंगाचा एक थेंबही टाकला नाही. वर लिहिलं तेवढंच केलं. दोन शनिवार गेले आणि अँप्लिफायरच्या कारागिराची मजुरी. वरच्या फ्रेट्सवर ती किंचित बेसूर आहे, कारण लाकडी घोडीवर प्रत्येक तार वेगळी जुळवता येत नाही. ते मी तसंच ठेवलं.

ती आता आमच्या इमारतीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीकडे असते. नेताना तिनं विचारलं, "काका, हिच्यावर ओरखडा पडला तर?" मी म्हटलं, आधीच इतके आहेत, तुझा कुठला ते शोधावं लागेल. आकाशी गिटार मात्र माझ्याकडे भिंतीवर आहे. दिसायला झकास. तिला कुणी वाजवायला मागत नाही.

मुलीला दिलेल्या पेटीच्या कप्प्यात मी एक पिशवी ठेवली आहे. त्यात काढलेले जुने कपॅसिटर, दोन पिनांची वायर, आणि एक कागद: काय बदललं, कधी बदललं, कागदाची चकती कुठं घातली आहे. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, पुढच्या माणसासाठी.