हडसनचा गाळ आणि ‘निसर्ग स्वतःच शुद्ध होतो’ ही सोयीची कथा

१/ विष पचवणाऱ्या जिवाणूंची बातमी आली की ‘निसर्ग आपली जखम आपणच भरतो’ असा निष्कर्ष काढला जातो. हाच निष्कर्ष एका बलाढ्य कंपनीने एकेकाळी स्वतःच्या बचावासाठी वापरला होता. त्या प्रकरणाचा हा धागा.

२/ न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटर बनवणारे दोन कारखाने होते. १९४७ ते १९७७ या काळात तेथून १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी नदीत गेले, असा अंदाज आहे. ही क्लोरीनयुक्त संयुगे सहजी पेटत नाहीत, विघटित होत नाहीत. म्हणूनच विद्युत उद्योगाला ती प्रिय होती. तोच टिकाऊपणा गाळात आणि माशांच्या चरबीत शाप ठरला. १९७६ मध्ये वरच्या हडसनमध्ये मासेमारीवर बंदी आली.

३/ पुढे कंपनीच्याच संशोधकांना आढळले, की ऑक्सिजनविरहित गाळातील जिवाणू पीसीबीच्या रेणूंतून क्लोरीनचे अणू काढून टाकतात. १९८७ साली हे संशोधन ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. शोध खरा होता आणि महत्त्वाचाही.

४/ परंतु हे जिवाणू प्रामुख्याने ठरावीक स्थानांवरचेच क्लोरीन काढतात. रेणूचा दोन वलयांचा सांगाडा शाबूत राहतो. तो फोडण्यास ऑक्सिजनवर जगणारे वेगळे जिवाणू लागतात, आणि खोल गाळात ऑक्सिजन नसतो. म्हणजे विषाचे रूप बदलते. विष नाहीसे होत नाही.

५/ तरीही गाळ उपसण्यास विरोध करताना ‘नदी स्वतःच स्वच्छ होत आहे’ असा प्रचार कंपनीने केला. प्रयोगशाळेतील अर्धे सत्य जाहिरातीत पूर्ण सत्य म्हणून मिरवले.

६/ ‘उपशाने विष पुन्हा पाण्यात ढवळले जाईल’ हा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. पण त्यातून उपसा किती जपून करावा एवढेच ठरते. जबाबदारी टळत नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उपशाचा निर्णय दिला. २००९ ते २०१५ या काळात कंपनीलाच तो स्वखर्चाने करावा लागला.

७/ ‘नदी दूषित झाली’, ‘नदी शुद्ध होत आहे’. या दोन्ही वाक्यांत कारखाना कोठेच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे वाक्य दिसताच गाळलेला कर्ता शोधावा. जिवाणूंना त्यांचे श्रेय अवश्य द्यावे. मालकाचे ऋण त्यांच्या खाती मांडू नये.