हात वर करा!

"हात वर करा" हे वाक्य मी वीस वर्षे वर्गात दुसऱ्यांना उद्देशून म्हणत आलो. गेल्या मार्चमध्ये ते मला एका डॉक्टरांनी ऐकवले. दोन्ही हात कोपरात वाकवून खांद्याइतके वर धरायचे आणि तीन मिनिटे मुठी उघडायच्या-मिटायच्या. दीड मिनिटातच माझा उजवा हात शिसे भरल्यासारखा जड झाला, करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या आल्या, आणि मी हात खाली टाकला. डॉक्टर खूष झाले. उमेदवार नापास झाला की परीक्षकाला होणारा आनंद मला अपरिचित नाही. पण उमेदवाराच्या बाजूने तो मी प्रथमच पाहत होतो.

तक्रार दोन वर्षांची. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हातातून खडू गळून पडे. पुढच्या बाकावरची एक मुलगी तो उचलून मुकाट्याने टेबलावर ठेवी. आमच्या घरी मुकाट्याने काही होत नाही. "अहो, तो मोबाईल जरा बाजूला ठेवा," हे पहिले निदान घरातच झाले. मग मानेचा मणका झाला, खांदा झाला, मनगट झाले. मज्जातंतूंची विजेची तपासणी तर अगदी निर्दोष आली. या दुखण्यात ती पुष्कळदा तशी येते, हे मागाहून कळले.

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम असे त्याचे भारदस्त नाव. मानेतून हातात उतरणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना पहिली बरगडी, कॉलरचे हाड आणि मानेचे स्केलीन नावाचे स्नायू यांच्यामधून वाट काढावी लागते. सकाळच्या दादर स्टेशनचा जिनाच म्हणा ना! तिथे रक्तवाहिनी चेंगरली, गाठ झाली, तर विचार करीत बसायला सवड नसते. माझा प्रकार मज्जातंतूंचा, म्हणजे सर्वांत जास्त आढळणारा. त्यात विचार करायला वेळ मिळतो, आणि मराठीच्या प्राध्यापकाला तोच घातक.

हे नाव रूढ झाले 1956 मध्ये, तेही व्यायामांचा उपयोग तपासणाऱ्या एका लेखातून. अजूनही सुरुवात व्यायामानेच करतात. मीही सहा महिने प्रामाणिकपणे केले. खांदे मागे, हनुवटी आत, श्वास पोटाने. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खांद्यावरून न्यायचे नाहीत. झोप सुधारली. खडू पडतच राहिला.

राहिले ऑपरेशन. स्नायू कापायचे आणि पहिली बरगडी काढायची. काखेतून किंवा कॉलरच्या हाडावरून. काखेतली वाट रूस नावाच्या अमेरिकन सर्जनने 1966 मध्ये दाखविली. बरगडी काढणार म्हटल्यावर आमचे मामा म्हणाले, "आदमचीही काढली होती. त्याला बायको मिळाली. तुला ती आहेच, मग कशाला?" सौभाग्यवती आत चहा करीत होत्या. त्या दिवशी मामांना चहा उशिरा मिळाला.

सर्जन मात्र सरळ माणूस निघाले. मी विचारले, "हात बरा होईल ना?"

"सर, बरे वाटेल," ते म्हणाले.

मी थबकलो. 'बरा होणे' आणि 'बरे वाटणे' यांतला भेद मी दरवर्षी पहिल्या वर्षाला शिकवतो. पण त्यावर माझा उजवा हात अवलंबून असेल असे कधी वाटले नव्हते. त्यांनी तो फोडून सांगितला. बहुतेकांना फरक पडतो. अगदी पूर्वीसारखा हात थोड्यांचा होतो. काहींना काहीच लाभ होत नाही, आणि काहींचे दुखणे काही काळाने परतते. फुफ्फुसाभोवती हवा शिरू शकते, श्वासपटलाच्या किंवा हाताच्याच मज्जातंतूला इजा होऊ शकते. नेहमी होते असे नाही, पण होते. आणि नंतर कित्येक महिने पुन्हा तेच व्यायाम! उलट, तळहाताचे स्नायू झिजू लागेपर्यंत थांबलो, तर गेलेले मांस सहसा परत येत नाही.

निर्णयाआधी त्यांनी मानेतल्या त्या स्नायूत बधिर करणारे इंजेक्शन दिले. त्याने आराम पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता वाढते, म्हणे. खात्री नव्हे, शक्यता. त्या दुपारी घरी आल्यावर मी मुलीच्या जुन्या फळ्यावर अगदी वर, पाय उंचावून, तिचे नाव लिहिले. खडू पडला नाही. रात्री मुंग्या परत आल्या; पण आपला हात कसा असतो हे दोन वर्षांनी आठवले होते.

रात्री हिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मला लिहायला लावले: ऑपरेशननंतर कशाकशावर समाधान मानाल? मी लिहिले: एक तास फळ्यावर लिहिता यावे. रात्री उजव्या कुशीवर झोपता यावे. 'हात पूर्ण बरा व्हावा' असे लिहून खोडले. ती म्हणाली, "आता विचारा तारीख."

तारीख डिसेंबरातली मिळाली आहे, परीक्षा आटोपल्यानंतरची. ही म्हणते, घाबरलात तर तसे सांगा. सांगितले आहे.

काल आकाशकंदील मुलीने लावला. मी खाली स्टूल धरून उभा होतो. डाव्या हाताने.