पहिला अंक नवा, सिंहासन तेच

सातपूरच्या आमच्या अभ्यासवर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक चित्र फिरतंय. बाबासाहेब, पिळदार दंड, पाठीवर फडफडणारा निळा झगा, मुठीत वीज. खाली मागणी : सुपरहिरोंची दुनिया सारखी नव्याने सुरू होते, मग तिच्यात आपला हिरो का नाही? भावना कळते. मागणी आम्हाला मान्य नाही.

हे 'नव्याने सुरू होणं' काय असतं ते आधी बघू. 2011 मध्ये डीसी कॉमिक्सने आपली 52 मासिकं एकदम क्रमांक एकपासून काढली. 1938 पासून चालत आलेलं 'ॲक्शन कॉमिक्स'सुद्धा पुन्हा एकवर आलं. जुना पसारा एवढा वाढलेला की नवा वाचक आत शिरेना, आणि पहिला अंक हमखास खपतो. धंदा आहे, चालायचंच. पोशाख बदलतो, वय बदलतं. वाचवणारा मात्र एकटाच राहतो, आणि वाचवले जाणारे हजारो बिनचेहऱ्याचे.

आपल्याकडचा वेताळ घ्या. ली फॉकने 1936 मध्ये रचलेला हा नायक 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून 1964 पासून भारतात आला आणि मराठी घरांतही पोचला. जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस, भोवती पहारा देणारी बांडार जमात. गादी बापाकडून मुलाकडे, अशा 21 पिढ्या. आणि जंगलातल्या लोकांची समजूत अशी की हा एकच अमर पुरुष आहे. वतनदारी याहून वेगळी काय असते? भारतीय आवृत्तीत 'बेंगाली'चं 'डेंकाली' झालं, 'सिंघ' चाच्यांचे 'सिंगा' झाले, वेताळाच्या बापाचा खुनी 'रामा' होता त्याचा 'रामालू' झाला. कुणाच्या भावना दुखावू नयेत याची एवढी काळजी! बांडारांच्या भावना कुणी विचारल्या नाहीत. पुढे 1988 मध्ये डीसीने, 2010 मध्ये डायनामाइटने वेताळाला पुन्हा उभं केलं. घराणं तेच.

कुणी म्हणेल, 2011 मध्येच मार्व्हलने माइल्स मोरालेस हा काळा मुलगा स्पायडरमॅन केला. बरोबर. पोराला आपल्यासारखा चेहरा दिसणं ही लहान गोष्ट नाही. पण त्या चेहऱ्याची मालकी कंपनीचीच आहे. उद्या नको वाटला तर पुन्हा क्रमांक एक.

दुरुस्त केलेली जुनी दुनिया आणि नवी दुनिया यांतला फरक नाशिककरांना तरी सांगावा लागू नये. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं लोक झुंजले, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी धम्म घेतला, आणि 22 प्रतिज्ञांची सुरुवातच जुने देव नाकारण्यापासून झाली. जुन्या देवळात आपल्यासाठी एक कोनाडा मागून तिथं कुणी थांबलं नाही.

आता त्या झग्याकडे बघा. मुठीत वीज असलेल्या माणसाला पंचवटीत हजारो माणसं कशाला लागतील? दादासाहेब गायकवाड कशाला, लाठ्या खाणारे बायाबापडे कशाला? झगा घातला की हे सगळे चित्रातून पुसले जातात. राजकारणातल्या भक्तीबद्दल 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वतः बजावलं होतं, ते आपणच विसरायचं? एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा पीएफ बुडतो तेव्हा वरून कुणी उडत येत नाही. चार माणसं जमवून, कागद घेऊनच जावं लागतं.

कॉमिक्सशी आमचं भांडण नाही. 2011 चं 'भीमायन' काढून बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. विषारी बोलण्याच्या फुग्याला त्यांनी विंचवाची नांगी लावली, साध्या बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला. त्यासाठी कुठल्या कंपनीच्या दुनियेत जागा मागावी लागली नाही.

आपल्या वस्त्यांत चांगली चित्रं काढणारी पोरंपोरी आहेत. त्यांनी काळारामचा मोर्चा काढावा. मागच्या रांगेतल्या माणसालाही नाक-डोळे द्यावेत. ज्यांचे पणजोबा-पणजी त्यात होते अशी घरं नाशिकमध्ये अजून आहेत. कागद-पेन्सिल उघडण्याआधी तिथं जाऊन बसावं.