मूळ प्रत आपल्याच पेटीत

1858 साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे त्या शहरातच होते. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेला हा कोकणातला भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला. पुढे बऱ्याच वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी आपली सारी हकिकत लिहून काढली. वैद्यांनी ती 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. तेव्हा गोडसे भटजी हयात नव्हते.

वैद्यांचा आग्रह नसता, तर हे पुस्तक झालेच नसते. पण त्यांनी ते जसेच्या तसे छापले नाही. भाषा बदलली, काही गाळले, काही घातले. सुदैवाने हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले आणि 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ मजकूर वाचकांपुढे आणला. मधली 59 वर्षे वाचक जे ‘गोडसे भटजींचे’ म्हणून वाचत होते, त्यात दुसऱ्याचा हात बराच होता.

वाचकहो, आपले लेखन दुसऱ्याच्या हाती देताना काय काय देऊन बसतो, हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. मुलगी मोबाईलवर चित्र काढते, आजी ओव्या म्हणून ध्वनिमुद्रित करते, वडील प्रवासाचे फोटो चढवतात. त्याआधी पडद्यावर लांबलचक अटी येतात आणि आपण न वाचताच ‘मान्य’ वर बोट ठेवतो. हे बोट ठेवणे क्षुल्लक नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ नुसार, केवळ संगणकावरून झाला म्हणून करार रद्द ठरत नाही.

मग आपली कविता कंपनीची होते का? बहुधा नाही. मालकी तुमचीच, असे बहुतेक कंपन्या लिहूनच देतात. घर आपल्या नावावरच राहते, पण भाडेकरूला काय काय करायची मुभा दिली ते भाडेपत्रात असते, तसेच हे. तुमची कृती जगभर, विनामोबदला वापरण्याचा, तिच्यात फेरफार करण्याचा आणि हीच परवानगी तिसऱ्याला देण्याचा परवाना पुढच्याच परिच्छेदात असू शकतो. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात, म्हणजे 1957 च्या कॉपीराइट अ‍ॅक्टमध्ये, अशी सोय आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा. पण कंपन्यांचे वकील या जागा सहसा मोकळ्या सोडत नाहीत.

याच कायद्याचे कलम 57 मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा लेखकाचा विशेष अधिकार त्यात आहे. गोडसे भटजींच्या काळी असे कलम नव्हते.

ग्राहकांनी आवाज उठवला तर अटी बदलतात, हेही दिसले आहे. डिसेंबर 2012 मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलेल्या नव्या अटींमुळे आपले फोटो जाहिरातीत वापरले जातील, अशी भीती पसरली. ओरड होताच कंपनीने तो मजकूर मागे घेतला. जून 2024 मध्ये अ‍ॅडोबीच्या अटींवर चित्रकार संतापले. तेव्हा ग्राहकांचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरत नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला आणि अटींची भाषाही सुधारावी लागली.

सगळ्या अटी वाचायला वेळ कुणाला आहे? निदान ‘तुमचा मजकूर’ या मथळ्याखालचा भाग तरी वाचा. त्यात चार गोष्टी शोधा. परवाना कशासाठी आहे, केवळ सेवा चालवण्यासाठी की जाहिरातीसाठीही? फेरफाराची मुभा आहे का? यंत्राला शिकवण्यासाठी वापर होणार का, आणि तो नाकारण्याची सोय आहे का? खाते बंद केल्यावर परवाना संपतो का? उत्तरे पटली नाहीत तर ती कृती तिथे चढवू नका. स्पर्धेसाठी काही पाठवताना तर अधिकच जपा. प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे जातील, असे एखादे वाक्य नियमांत तळाशी दडलेले असू शकते.

आणि काहीही पाठवण्याआधी मूळ प्रत तारखेसह आपल्याजवळ ठेवा. स्वामित्वहक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही; पण वाद उभा राहिला तर पुरावा लागतो. वरसईच्या भटजींचे खरे शब्द आज आपल्याला वाचता येतात, ते हस्तलिखित कुणीतरी जपले म्हणूनच.