आधी रोहिणखेड पाहू

सुट्टी लागली की मुले सहलीचा हट्ट धरतात. दूरचा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. अशा वेळी आम्ही मोताळ्यातल्या पालकांना सांगतो, आधी आपल्याच तालुक्यातले रोहिणखेड दाखवा.

डोंगराच्या पायथ्याचे हे गाव खानदेशातून दख्खनमध्ये चढणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. म्हणूनच येथे दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ साली बहामनी फौजेने खानदेशच्या नसीरखान फारुकीला हरवले. १५९० च्या लढाईने बुऱ्हाण निजामशहाला अहमदनगरचे तख्त मिळवून दिले. येथली दगडी मशीद खुदावंदखान महदवी यांनी १५८२ साली, म्हणजे हिजरी ९९० मध्ये बांधली.

पाठ्यपुस्तकात आपले गाव नसले की मुलांना वाटते, आपल्याला इतिहासच नाही. त्यांना हे दगड हाताने चाचपू द्या. हिजरी सनाचा हिशेब घरीच करायला लावा. भिंतीवर नाव कोरायचे नाही, कचरा टाकायचा नाही, एवढे मात्र बजावा. मशिदीचा अदब तिथूनच सुरू होतो.

परतताना नळगंगा धरण पाहा. घरचा डबा सोबत असला की पुरे.