‘विच’ म्हणवून घेण्याची चैन

२०१७ चा पावसाळा दिल्लीच्या आसपासच्या गावांनी वेण्यांच्या धास्तीत काढला. राजस्थानात उठलेली अफवा मेवात, झज्जर, गुरुग्राम करत जुलैअखेर दिल्लीच्या नैऋत्य कडेवरच्या कांगनहेडी गावात येऊन ठेपली. बाईचे डोके दुखू लागते, ती बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर येते तेव्हा वेणी कापलेली असते, असे सांगितले जाई. हिंदी वाहिन्यांनी या अदृश्य हाताचे बारसे करून टाकले: ‘चोटीकटवा’. दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या आणि लिंबू-मिरच्या टांगल्या गेल्या, भिंतींवर हाताचे पंजे उमटले. मनोविकारतज्ज्ञ हा सामूहिक भयगंड आहे म्हणून सांगत राहिले. २ ऑगस्टच्या पहाटे आग्रा जिल्ह्यातल्या एका खेड्यात साठी ओलांडलेली एक दलित बाई अंधारात घराबाहेर पडली. ती वेणी कापणारी डायन आहे असे लोकांना वाटले, आणि तिला मारहाण करून ठार करण्यात आले.

याच प्रदेशात दरवर्षी ऑक्टोबर सरत आला की गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमध्ये हॅलोविनसाठी टोकदार काळ्या टोप्या विकायला येतात. दक्षिण दिल्लीत टॅरोची पाने, स्फटिक, चांद्रविधीच्या मेणबत्त्या असा बाजार बारा महिने चालतो. त्या बाजाराच्या आत, आणि खरे तर त्याच्याकडे जरा नाक मुरडूनच, काही माणसे अशीही आहेत की ज्यांना विक्का हा आपला धर्म वाटतो. पौर्णिमा पाळणारी, ऋतूंचे आठ सण मानणारी, देवी आणि शिंगवाला देव अशी जोडी पुजणारी. त्यांतल्या काही जणी आपल्या ओळखीत ‘विच’ असे उघड लिहितात. एवढ्यावरून राजधानीचा समाज मोकळा झाला, विक्काला मान्यता मिळू लागली, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. आमच्या मते तो घाईचा आहे. मान्यता मिळाली आहे ती इंग्रजी शब्दाला.

हा शब्द मिरवण्याजोगा कसा झाला ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये चेटकिणींना फाशी देणे सतराव्या शतकाच्या अखेरीस थांबले. स्कॉटलंडमधली शेवटची शिक्षा १७२७ सालची मानतात. १७३५ च्या कायद्याने तर नजरच बदलली. चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटकाचे सोंग करणे हा गुन्हा ठरला. म्हणजे असे काही नसतेच, असे राज्यसंस्थेने गृहीत धरले. या कायद्याखाली १९४४ मध्ये हेलन डंकन या आत्मे बोलावणाऱ्या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली, तीही महायुद्ध ऐन भरात असताना. १९५१ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर नावाच्या सत्तरीच्या गृहस्थाने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक छापून जगाला सांगितले की चेटकिणी अजून आहेत आणि त्या भल्या आहेत. आजचा विक्का इथून सुरू होतो.

हे गार्डनर म्हणजे साम्राज्याचे पेन्शनर. सोळाव्या वर्षी सिलोनच्या चहामळ्यात गेलेले, मग बोर्निओ, मग मलायात सरकारी चाकरी, १९३६ मध्ये निवृत्त. मलायी कट्यारीवर, ‘क्रिस’वर, त्यांनी आधी एक पुस्तक लिहिले होते. त्यांच्या चेटकी पुस्तकाला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. या बाई इजिप्तच्या अभ्यासक, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या, आणि जन्म कलकत्त्याचा, १८६३ चा. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळले-फाशी दिले त्या बायका एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या, हा सिद्धांत त्यांनी १९२१ मध्ये मांडला. इतिहासकारांनी तो केव्हाच फेटाळला आहे. पण धर्म इतिहासकारांना विचारून उभे राहत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पुढचा हिशेब सावकाशीचा आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म आहे असे मान्य केले. तिथल्या सैनिकांच्या थडग्यांवर विक्कनांचा पंचकोनी तारा कोरायला सरकारी परवानगी मिळायला २००७ उजाडले. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी धर्म म्हणून विक्का लिहिला. तिकडच्या विक्कनांचा एक विनोदी शब्दप्रयोग आहे: आपली ओळख उघड करणे म्हणजे झाडूच्या कपाटातून बाहेर येणे. (आपल्याकडे हा विनोद बसत नाही. ज्या समाजात लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तिथे झाडू लपवायचा कशाला?) मुद्दा कालगणनेचा आहे. शेवटचा देहदंड आणि ‘होय, मी विच’ असे म्हणणारे पहिले पुस्तक, यांच्यात ब्रिटनमध्ये सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ गेला. रक्त पुरते वाळल्यावर तो शब्द कोणीतरी उचलून अंगावर घातला.

आपल्याकडे ते रक्त ओले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे कार्यालय दिल्लीतच, महिपालपूरला आहे. खुनांच्या कारणांच्या त्यांच्या तक्त्यात ‘चेटूक’ हा स्वतंत्र रकाना असतो. २०२१ मध्ये त्यात ६८ खून होते, २०२२ मध्ये ८५. यात नुसती मारहाण, धिंड, गावबंदी, जमीन बळकावणे धरलेले नाही. बिहारने याविरुद्ध १९९९ मध्ये कायदा केला. झारखंडने तो २००१ मध्ये घेतला. छत्तीसगडचा २००५ चा, ओडिशाचा २०१३ चा, राजस्थान आणि आसामचे २०१५ चे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) नरेंद्र दाभोलकरांच्या रक्ताने आला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्यावर करणी केल्याचा ठपका ठेवणे त्यात गुन्हा आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी पाड्यांत ‘डाकीण’ ठरवल्या गेलेल्या बायकांची गाऱ्हाणी अंनिसचे कार्यकर्ते या कायद्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत आले आहेत.

तेव्हा शब्द दोन आहेत. एक स्वतः निवडायचा, दुसरा दुसऱ्याने चिकटवायचा. विच स्वतःहून होता येते. डायन, डाकीण, चेटकीण हे गाव ठरवते, नाहीतर भगत ठरवतो, किंवा जिच्या नावावरच्या तीन बिघ्यांवर डोळा आहे तो पुतण्या. विच होण्यासाठी पुस्तके, इंटरनेट, स्वतंत्र खोली आणि कुलूप लागणारे दार हवे. डायन होण्यासाठी वैधव्य, म्हातारपण किंवा शेजारच्या पोराचा ताप एवढे पुरते.

हे दोन शब्द एकाच बाईच्या आयुष्यात एकमेकांना भिडल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. इप्सिता रॉय चक्रवर्ती या मुत्सद्द्याच्या कन्या. विक्काची ओळख त्यांना कॅनडात, मॉन्ट्रियलला वडिलांची नेमणूक असताना झाली. कोलकात्यात परतल्यावर १९८० च्या दशकात त्यांनी आपण विच असल्याचे उघड सांगितले. भारतात हे असे जाहीरपणे करणाऱ्या पहिल्या त्याच. पुढे २००० मध्ये ‘बिलव्हेड विच’ हे आत्मचरित्र आले. ‘सेक्रेड ईव्हिल’ या दुसऱ्या पुस्तकावर २००६ मध्ये चित्रपट निघाला आणि त्यात सारिका होत्या. इंग्रजी नियतकालिकांना हे सगळे फारच रुचले. पण बाईंनी मधल्या काळात एक धाडस केले, आणि आम्हाला त्यांची पुस्तके राहू द्या, ते धाडस मोलाचे वाटते. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत त्या हुगळीतून काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या. दिवाणखान्यातला ‘विच’ हा शब्द प्रचारसभेत बंगालीत आणायचा तर ‘डाइनी’च म्हणावे लागते, दुसरा शब्द नाही. त्या हरल्या. हुगळी त्या काळी डाव्यांचा गड होता, त्यामुळे पराभवाचे खापर एका शब्दावर फोडता येणार नाही. पण डाइनी ठरवून छळल्या गेलेल्या खेड्यातल्या बायकांकडे त्या गेल्या आणि तोच शब्द मी स्वतःला लावते असे त्यांना सांगितले. दिल्लीच्या उघड विचांनी ही परंपरा किती पुढे नेली, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

आता दिल्लीकरांच्या सहिष्णुतेबद्दल दोन शब्द, कारण ती नाहीच असे म्हणणे अन्यायाचे होईल. दर गुरुवारी फिरोजशाह कोटल्यात जावे. फिरोजशाह तुघलकाने १३५४ च्या सुमारास हा किल्ला बांधायला काढला आणि अंबाल्याकडच्या टोपरा गावाहून अशोकाचा स्तंभ उचलून आणून त्याच्या माथ्यावर रोवला. त्या स्तंभात जिन्नांचा म्होरक्या राहतो, त्याला ‘लाटवाले बाबा’ म्हणतात. खाली तळघरांच्या काळोख्या कोनाड्यांत हिंदू, मुसलमान, शीख सगळे दिवे आणि उदबत्त्या लावतात आणि चिठ्ठ्या ठेवतात. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, वर्षानुवर्षे रखडलेला खटला. चिठ्ठीवर नाव-पत्ता, कधी फोटो, आणि एकाच अर्जाच्या अनेक झेरॉक्स प्रती, प्रत्येक कोनाड्यात एक. सरकारी कचेरीत कसे, कोणत्या टेबलावर फाईल हलेल सांगता येत नाही, तसेच. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि खाते या सगळ्याकडे कानाडोळा करते. आनंद विवेक तनेजा यांनी या अर्जांवर ‘जिन्निऑलॉजी’ नावाचे सुरेख पुस्तक लिहिले आहे. ही चाल आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांत रुजली असे ते मांडतात. राज्य ऐकेना तेव्हा लोक जिन्नांकडे गेले.

मग जे शहर जिन्नाला अर्ज करते, त्याला विच का खुपावी? आमचे उत्तर असे: कोटल्यातला माणूस शक्ती मागतो, माझ्याकडे आहे असे म्हणत नाही. आपल्याकडेही अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडतात, कारण त्या वेळी बोलते ती अंबाबाई, ती बाई नव्हे. वारे उतरले की तीच बाई पुन्हा धुणीभांडी करते आणि तिला कोणी दोन शब्द जास्त विचारत नाही. उसनी शक्ती चालते. पण त्याच बाईने ‘ही माझी विद्या, मी शिकले’ म्हटले की लोकांच्या तोंडी करणी येते, भानामती येते, मूठ येते. पेशवाईतही ‘भुते घालणे’ हा सरकारदरबारी चौकशीचा आणि दंडाचा विषय होता.

विक्काची खरी खोच इथे आहे, देवीत नाही. देवीपूजा ही विक्काची मोठी बंडखोरी म्हणून पश्चिमेत गाजली. सटवाई, मरीआई, साती आसरांच्या प्रदेशात तिने कोण दचकणार? रा. चिं. ढेऱ्यांचे ‘लज्जागौरी’ हाताळलेल्या वाचकाला तर पश्चिमेचे हे कौतुक थोडे बाळबोध वाटेल. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. मातृदेवता आणि बायकांची लोकविद्या यांचा आयुष्यभर अभ्यास केलेली विदुषी दिल्लीत सन्मानाने बसली, कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. देवी मान्य, तिचा अभ्यास मान्य. मनुष्यदेहातल्या बाईने शक्तीवर हक्क सांगणे तेवढे अमान्य. विक्का नेमके तेच करतो, आणि तरीही दिल्लीत खपून जातो, कारण लोक त्याला धर्म समजतच नाहीत. फॅशन समजतात, नाहीतर टॅरोसारखा जोडधंदा.

गंभीर विक्कनांनी याचे वाईट वाटून घ्यायला हवे. कायद्याने त्यांना अडवलेले नाही. संविधानाचे २५ वे कलम त्यांनाही आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा, म्हणजे गार्डनरच्या पुस्तकाच्याच वर्षीचा. त्याखाली लग्न करता येते. त्याच वर्षीचा आणखी एक कायदा मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालतो, आणि स्फटिकाने दमा घालवण्याची भाषा करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. जनगणनेत विक्काचा रकाना नाही. ‘इतर धर्म’ या गाठोड्यात जायचे. २०११ मध्ये त्या गाठोड्यात सुमारे ७९ लाख लोक होते, त्यांतले निम्म्याहून अधिक सरना मानणारे आदिवासी. डाइन ठरवून मारल्या जाणाऱ्या कितीतरी बायका याच समाजांतल्या आहेत. दिल्लीची विच आणि झारखंडची डाइन सरकारी कागदावर शेजारी बसतात, हा योगायोग दोघींपैकी एकीला तरी उमगायला हवा.

२०२१ च्या पद्मश्रींच्या यादीत दोन नावे होती: झारखंडच्या छुटनी महतो आणि आसामच्या बिरुबाला राभा. छुटनीबाईंना १९९५ मध्ये गावाने डाइन ठरवून हाल केले, रातोरात घर सोडावे लागले. मग त्यांनी तशाच ठरवल्या गेलेल्या बायकांना आधार द्यायला घेतले. बिरुबालाबाईंच्या झगड्याने आसामचा कायदा घडवला. २०२४ मध्ये त्या गेल्या. या दोघींनी तो शब्द कधी अंगावर मिरवला नाही, त्यांनी तो इतर बायकांच्या अंगावरून खरवडून काढला. राज्यसंस्थेला हेच करायला किती काळ लागतो ते पाहा: स्कॉटलंडमध्ये ८ मार्च २०२२ ला तिथल्या तेव्हाच्या प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांनी १५६३ च्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची जाहीर माफी मागितली. शेवटच्या शिक्षेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी.

एवढी वाट पाहायला इथे सवड नाही. राज्यांचे कायदे तुकड्यातुकड्यांत आहेत, बायकांना डायन ठरवण्याविरुद्ध केंद्राचा कायदा आजही नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडात जे स्वतःला विच म्हणवतात त्यांच्याकडे इंग्रजी आहे, वकील मित्र आहेत, वर्तमानपत्रांत ओळख आहे. त्यांनी त्या कायद्याची मागणी स्वतःच्या नावाने, हिंदीत, ‘डायन’ हाच शब्द वापरून करावी. कोटल्यात अर्ज टाकून झाला की संसद तिथून पाच-सहा किलोमीटरवर आहे.